मोटारीची पुरवणी यादी

दसरा-पाडव्याच्या सुमारास आमच्या व्यापारी बंधूंच्या दारी नवी मोटार उभी राहते, तिला हार घातला जातो, नारळ फुटतो आणि पेढे वाटले जातात. या आनंदात विघ्न आणण्याचा आमचा हेतू नाही. कष्टाच्या कमाईतून किमती मोटार घ्यावी की न घ्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्ही विचारतो ते इतकेच, की पन्नास-साठ लाखांची मोटार ठरल्यावर शेवटच्या अर्ध्या घटकेत जी सहा-सात लाखांची पुरवणी यादी पुढे सरकविली जाते, तिच्यावर आपण सही कशी करतो?

पेढीवर हेच गृहस्थ किती सावध असतात! पोत्यामागे दोन रुपये हमाली जास्त लागली तर बिल परत जाते. आडतीच्या हिशेबात पैशाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत दिवा जळतो. तेच गृहस्थ शोरूमच्या गार खोलीत, कॉफीचा पेला हाती घेऊन, न वाचलेल्या कागदावर सही करतात. मुले मोटारीभोवती फिरत असतात, मुहूर्त टळत असतो, आणि ‘एवढी मोटार घेता, मग एवढ्याशासाठी काय विचार करता?’ हे वाक्य कानी पडले की घासाघीस करणे अब्रूस कमीपणा आणणारे वाटते.

विक्रेत्यास एकट्यास दोष देण्याचे कारण नाही. मोटारीच्या मूळ किमतीत त्याला चढाओढीमुळे सूट द्यावी लागते. ती कसर तो विम्याची दलाली, कर्जाची दलाली, वाढीव हमी, लेप आणि सजावट यांतून भरून काढतो. मूळ मालावर थोडा आणि जोडमालावर अधिक नफा, हे गणित आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवावयास नको. मात्र गणित ठाऊक असूनही आपण स्वतः गिऱ्हाईक झालो की ते विसरतो, याचे नवल वाटते.

या विस्मरणाची किंमत आम्ही मोजलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला आणि पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर-निपाणी भागात कित्येक दिवस बंद राहिला. ते सारे डोळ्यांनी पाहिले असताही त्याच वर्षीच्या दिवाळीत घेतलेल्या मोटारीस आम्ही चकाकीचा लेप दिला, तळाला गंजरोधक फवारणी केली, उंची पायपोस घातले आणि विमा शोरूमनेच सुचविला तो, न वाचता, घेतला. पुढे त्याचे नूतनीकरणही तसेच झाले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. एका रात्री ओढ्याच्या पाण्यात मोटार बंद पडली आणि आमच्या चालकाने घाबरून ती पुन्हा दोनदा सुरू करून पाहिली. इंजिनात पाणी गेले होते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. इंजिन फिरू लागताच आतले दांडे वाकले. दुरुस्तीचे बिल साडेआठ लाखांचे झाले. विमा कंपनीने आतील बैठकी व गालिचे यांचा खर्च मान्य केला, इंजिनाचा मात्र नाकारला. कागद काढून पाहिले तेव्हा कळले, की किल्ली हरवल्यास नवी मिळण्याची सोय आम्ही घेतली होती, इंजिन-रक्षणाची घेतली नव्हती. ती काही हजारांत मिळत होती. कंपनी नियमाने बरोबर होती आणि चूक आमची होती.

त्या दिवसापासून आम्ही पुरवणी यादीतील प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारतो. पहिला, हे नुकसान उद्या झालेच तर ते सोसणे जड जाईल काय? दुसरा, ही वस्तू आजच आणि येथेच मिळते, की पुढेही आणि अन्यत्रही मिळेल? तिसरा, हिच्यामुळे कंपनीच्या हमीस अथवा कायद्यास बाधा तर येत नाही ना? या तीन चाळण्यांतून जे उरेल ते घ्यावे.

प्रथम विम्याकडे वळू, कारण खरी जोखीम तेथे आहे. साध्या विम्यात प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि धातूच्या भागांवर मोटारीच्या वयानुसार सहा महिन्यांनंतर ५ टक्क्यांपासून पुढे चढत जातो. आजच्या किमती मोटारीचा बंपर प्लॅस्टिकचा आणि पुढच्या दिव्याचे आवरणही प्लॅस्टिकचेच. तो एक दिवा लाखाच्या घरात जातो. म्हणून घसारा न कापणारी जोड, जिला बाजारात ‘झिरो डेप’ म्हणतात, ती पहिली काही वर्षे अवश्य घ्यावी. इंजिन-रक्षणाविषयी वर सांगितलेच आहे. कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या लोकांना अधिक सांगणे नको. तिसरी जोड मूळ बिलाची रक्कम परत देणारी. एक ते दोन वर्षे वयाच्या मोटारीची विम्यातील किंमत २० टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे ६० लाखांची मोटार त्या काळात चोरीस गेली अथवा पूर्ण निकामी झाली तर हाती ४८ लाखच येतात. ही १२ लाखांची दरी ज्याला खुपेल, विशेषतः ज्याचे कर्ज फिटावयाचे आहे, त्याने ही जोड घ्यावी. टायरांची जोड रस्ते पाहून ठरवावी. पुष्कळ महागड्या मोटारींत जादा चाक नसतेच. हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर चालणारे टायर असतात, आणि खड्ड्यात त्यांची कड फाटली तर बहुधा नवाच घ्यावा लागतो. किल्ली, सामानसुमान इत्यादी किरकोळ जोडी ज्याने त्याने आपल्या विसराळूपणाप्रमाणे घ्याव्यात.

हा विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे, असे बंधन विक्रेत्यास घालता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाचे २०१७ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. तेव्हा आपल्या नेहमीच्या विमा-प्रतिनिधीकडून त्याच जोडींसह, त्याच विमा-किमतीचे दर मागवावे व शेजारी ठेवून पाहावे. विमा-किंमत मुद्दाम कमी धरून हप्ता स्वस्त दाखविला आहे काय, हेही तपासावे. मात्र एक चौकशी विसरू नये: जेथे मोटार दुरुस्तीस जाणार, त्या कार्यशाळेत त्या विमा कंपनीचे बिल परस्पर भागविण्याची सोय आहे ना? ती नसेल तर स्वस्ताई महाग पडते.

दुसरी मोठी बाब वाढीव हमीची. मूळ हमी साधारणतः दोन-तीन वर्षांत संपते, आणि हवेवरचे सस्पेन्शन, टर्बो, स्वयंचलित गिअरपेटी, विजेची नियंत्रणे यांची दुखणी बहुधा त्यानंतर सुरू होतात. मोटार तीन वर्षांतच विकणाऱ्यास वाढीव हमीचे कारण नाही. पण आमच्यासारखे लोक मोटार आठ-दहा वर्षे वापरतात; त्यांनी ती घ्यावी. मात्र ती मोटार बनविणाऱ्या कंपनीची आहे, की एखाद्या तिऱ्हाईत संस्थेची, हे कागदावर पाहावे. तिच्यातून कोणते भाग वगळले आहेत ती यादी मागावी आणि मोटार विकल्यास ती नव्या मालकाच्या नावे होते काय, हे विचारावे. बहुतेक ठिकाणी मूळ हमी संपण्यापूर्वी ती केव्हाही घेता येते. उशीर केल्यास दर वाढतो, एवढेच. सर्व्हिसच्या आगाऊ पॅकेजचेही तसेच. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस वर्षाची एकच सर्व्हिस पुरते. तिचा आजचा दर विचारून वर्षांनी गुणावे व पॅकेजच्या रकमेशी ताडून पाहावे. ब्रेकचे पॅड व वायपर त्यात धरले आहेत की नाहीत, यावर सारा हिशेब फिरतो.

आता चकाकीकडे येऊ. सिरॅमिक लेप काही थोड्या मायक्रॉनांचा असतो. त्याने पाणी व धूळ ओसरते, धुणे सोपे होते. महामार्गावर उडणारा खडा तो अडवीत नाही. खडा अडविते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते. पण तीही सर्व मोटारीस लावण्यापेक्षा बॉनेट व पुढचा बंपर एवढ्यास लावली तर पुष्कळ काम होते. दोन्ही गोष्टी शोरूमबाहेरच्या चांगल्या कारागिराकडे मिळतात आणि दर मागवून घेता येतात. तळाच्या गंजरोधक फवारणीची गोष्ट निराळी. आजचा मोटारीचा सांगाडा कारखान्यातच रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंगविला जातो, आणि गंजाविरुद्ध कंपनीची स्वतंत्र हमी असते. वरून केलेल्या फवारणीने पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजली तर लाभाऐवजी हानीच व्हावयाची. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या आमच्या बंधूंनी मोटारीचा तळ वरचेवर गोड्या पाण्याने धुवावा, हे अधिक गुणकारी.

काही वस्तू तर फुकट मिळाल्या तरी नाकाराव्यात. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे आदेश केंद्र सरकारने २०१७ मध्येच दिले. धडक बसली असता त्याने पादचाऱ्यास इजा होते आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यास अडथळा येतो. बाजूची एअरबॅग बैठकीतच बसविलेली असते, तीवर घट्ट कव्हर घातल्यास तिचा उपयोग काय? काचांतून पुढेमागे ७० टक्के व बाजूंनी ५० टक्के प्रकाश येणे नियमाने आवश्यक आहे. त्याहून काळ्या काचा म्हणजे दंडास आमंत्रण.

बैठकीच्या चामड्याविषयीही दोन शब्द, कारण आमच्या अनेक घरांत हा प्रश्न उठतो. कृत्रिम आच्छादन पुष्कळ कंपन्या मूळ मोटारीतच देतात. पण बैठक कृत्रिम असूनही सुकाणूचक्र व गिअरचा दांडा यांवर खरे चामडे असू शकते. ज्यांना ते नको असेल त्यांनी मोटार नोंदवितानाच लेखी विचारावे. मागाहून ‘उंची चामड्याची’ कव्हरे जोडमाल म्हणून गळ्यात पडू देऊ नयेत.

कराच्या बाबतीतही गोड बोलण्यास भुलू नये. ‘पेढीच्या नावे घ्या, सगळा कर वळता होईल’ असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवरील वस्तू व सेवा कराची वजावट आमच्यासारख्या सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. तिच्या विम्यावरील व दुरुस्तीवरील कराचीही नाही. म्हणजे पुरवणी यादीतला प्रत्येक रुपया करासह आपल्याच खिशातून जातो. याउलट १० लाखांवरील मोटारीवर २०१६ पासून जो १ टक्का प्राप्तिकर वसूल होतो, तो मात्र विवरणपत्रात आपल्या खाती जमा मिळतो. त्याची पावती जपून ठेवावी.

यंदा आमच्या घरी पुन्हा मोटार आली. यादी आम्ही आठ दिवस आधी, प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहून, मागविली. रक्कम होती ७,१८,०००. सूनबाईंनी ती दिवाणखान्यात सर्वांसमोर वाचली आणि तांबड्या शाईने रेघा ओढल्या. वाढीव हमीचे १,६०,००० ठेवले. विमा आपल्या प्रतिनिधीकडून तिन्ही जोडींसह १,७८,००० ला घेतला. पुढच्या भागाची फिल्म बाहेर ५५,००० ला लावली. ‘हाताळणी खर्च’ म्हणून लिहिलेले २५,००० कशाबद्दल, असे विचारताच ते निघाले. सर्व्हिसचे पॅकेज पुढे ढकलले. एकूण ३,९३,००० लागले, म्हणजे सव्वातीन लाख वाचले. विक्रेत्याने तोंड वाकडे केले नाही. उलट ‘आपण वाचून आलात, बरे झाले’ असे म्हणाला.

‘हे घ्याल तरच मोटार लवकर मिळेल’ असे कोणी म्हणाल्यास मात्र नमते घेऊ नये. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निर्बंधित व्यापारपद्धती ठरविली आहे. यावरून आपल्याकडे पाहण्याचीही वेळ येते. युरियाबरोबर न खपणारा माल उचलावा लागतो, ही खतविक्रेत्यांची ‘लिंकिंग’ची तक्रार जुनी आहे. आपल्या दुकानातही टंचाईच्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या पिशवीत नको ती पुडी जाते काय, हे ज्याने त्याने गल्ल्यावर बसून पाहावे. शोरूममध्ये जी गोष्ट आपल्याला सलते, ती आपल्या उंबरठ्यावर शोभत नाही.

मोटार हौसेने घ्यावी, मुहूर्ताने घ्यावी. पण यादी मुहूर्ताच्या आठ दिवस आधी, घरी बसून, पेढीवरच्या डोळ्यांनी वाचावी. नको त्या ओळीवर रेघ मारण्यात कमीपणा नाही. आम्ही एकदा ती मारली नाही आणि त्याचे साडेआठ लाख मोजले, म्हणून हे लिहिले. इत्यलम्.