वसंतात बाग लावू नका

मार्च उजाडला की फोनवर सुरू होतं: स्प्रिंग आला, बाग लावा! बियांच्या किटवर सूट, रील्समध्ये लाकडी वाफे आणि फुलाफुलांचे हातमोजे. गेल्या वर्षी मीही फसले. किट मागवलं. सोबतच्या माहितीपत्रकातली पहिलीच सूचना अशी, की शेवटचं हिम पडून गेल्यावर रोपं बाहेर लावा. मी कर्जत तालुक्यातल्या कळंबची. इथे हिम पडायची वाट बघायची तर रोपं म्हातारी होतील. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

पण मी पडले इंजिनिअर. ओलावा मोजणारा सेन्सर, छोटा पंप, ठिबकची नळी. माती सुकली की पंप आपोआप सुरू. कोड पहिल्याच दिवशी चालला, मी स्टेटसही टाकलं. लेट्यूस लावलं, झुकिनी लावली. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला आणि पंप आपला इमानेइतबारे चालूच. माझ्या प्रोग्राममध्ये मातीचा ओलावा होता, विहिरीची पातळी नव्हती. एके सकाळी आईने रिकामी कळशी माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली. "विचार तुझ्या झुकिनीला, आज भात शिजवू का नको?" दाराबाहेरून वाडीवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. पंप त्याच संध्याकाळी काढला. लेट्यूस तोवर कडू होऊन फुलावर आलं होतं.

माझं भांडण बागेशी नाही, उसन्या कॅलेंडरशी आहे. थंड देशांत वसंतात पेरतात, कारण गोठलेली जमीन तेव्हा मोकळी होते. तिथे झाडाला थंडी अडवते, आपल्याकडे पाणी. कर्जतला वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. चार महिने धो धो, मग आठ महिने पाठ. म्हणजे परसातल्या लागवडीचा आपला स्प्रिंग मृगात येतो, ७-८ जूनला. फाल्गुनात इथे काढणी असते. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर घेतलेले कडवे वाल वाळवायचे, बियाणं राखेत घोळवून ठेवायचं. ज्या महिन्यात घरची बाई बी जपून ठेवते, त्याच महिन्यात आम्ही कार्टमध्ये टाकतो.

कोणी म्हणेल, कर्जतमध्येच राजनाला आहे की. आहे. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र १९२२ पासून घाटावरचं पाणी खाली आणतं. वीज करून सुटलेलं पाणी कालव्याला मिळतं, त्यावर उन्हाळी भातसुद्धा होतो. ज्यांच्या बांधाला ते लागतं, त्यांनी खुशाल मार्चमध्ये भेंडी लावावी. आमच्या परसाला विहीर आहे, तीही मेपर्यंत टिकली तर.

आणि ती फार्महाउसं! शनिवारी दोन तास फोटो काढता यावेत म्हणून आठवडाभर बोअरच्या पाण्यावर हिरवळ भिजते. 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून प्लॉट विकतात. पलीकडच्या वाडीत टँकरची वाट बघणारेही त्याच निसर्गाच्या सान्निध्यात असतात. त्या लॉनला बाग म्हणायला माझी सरळ हरकत आहे.

उन्हाळ्यात हिरवं काहीच नको, असं नाही. न्हाणीचं पाणी जातं तिथे आमचा अळू आणि दोन केळी तग धरून असतात, सेन्सरशिवाय. बाकीचं सगळं पावसावर. मेमध्ये आळी खणून उन्हात तापू द्यायची, शेणखत आणि पालापाचोळा भरायचा, मांडवाला बांबू रोवायचे. पाऊस लागला की दुधी, शिराळी, पडवळ, काकडी. शेवळं तर रानात आपली आपण उगवतात, त्यांचं किट अजून कोणी काढलेलं नाही.

यंदाही सूट आली होती, चाळीस टक्के. मी ॲप काढून टाकलं. आईने दुधीचं बी डब्यात ठेवलंय आणि झाकणावर मला हात लावू देत नाही. माझ्याकडे काम एवढंच, कुदळीला नवा दांडा बसवून आणायचा.