माशाला दुखतं का?

'मासा थंड रक्ताचा, त्याला काय दुखणार?' हे तुम्ही ऐकलं असेल. पण वेदनेचा रक्ताच्या तापमानाशी संबंध नाही. ती सूचना मज्जातंतू देतात आणि ते माशाच्या ओठांतही असतात, नेमके गळ रुततो तिथे. 2003 साली लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठांत ॲसेटिक आम्ल टोचलं. माशांचा श्वास वाढला, काही तास त्यांनी खाणं सोडलं, ओठ खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर हे घासणं कमी झालं.

माशाला आपल्यासारखं मेंदूचं बाह्यपटल नाही, म्हणून ही फक्त प्रतिक्षिप्त क्रिया, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. मला ते पटत नाही. 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर अनेकदा पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. कारण हेच, की मेंदू अपुरा, त्यांना काय कळणार!

खाण्यासाठी गळ टाकत असाल तर मासा टोपलीत तडफडत ठेवू नका; डोक्यावर जोरात एक फटका मारून लगेच संपवा. नुसत्या मौजेसाठी पकडून सोडत असाल तर, माझ्या मते, तो छंद सोडा. तेही जमत नसेल तर निदान उलटं टोक नसलेला गळ घ्या, हात ओले करूनच मासा धरा आणि फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर लटकावू नका.