वेळेवरची मोडणी

प्रथिनं पेशीत तयार कशी होतात, हे आपली मुलं तोंडपाठ करतात. ती मोडली कशी जातात, हे त्यांना कुणी धड शिकवत नाही. ही उणीव मला खटकते, कारण एका पेशीच्या दोन होण्याची सारी शिस्त या मोडणीवर उभी आहे.

१९८२ साली अमेरिकेतल्या वुड्स होल इथे टिम हंट सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांतली प्रथिनं तपासत होते. त्यातलं एक साठत जाई आणि अंडं दुभंगायच्या सुमारास एकाएकी नाहीसं होई. तेच सायक्लिन. आपल्या पेशींतही तेच घडतं.

दुभंगायच्या बेतात असलेली माणसाची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. ४६ गुणसूत्रांच्या जोडप्रती मधोमध रांगेला लागलेल्या असतात. एखादीच कडेला घुटमळते, तिला टोकाकडे ओढणारा धागा अजून लागलेला नसतो. तेवढ्या एकीसाठी सगळी पेशी खोळंबते. तो धागा लागला की एपीसी नावाचं यंत्र सिक्युरिन आणि सायक्लिन-बी या प्रथिनांवर युबिक्विटिनच्या चिठ्ठ्या डकवतं. चिठ्ठी लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिएसोममध्ये तुकडे होतात. सिक्युरिनने तोवर सेपरेज नावाची कात्री धरून ठेवलेली असते. ती सुटते, जोडप्रतींना बांधणारी कडी कापते, आणि प्रती दोन टोकांना ओढल्या जातात. प्रथिनाला चालू-बंद करण्यासाठी चिकटवलेलं फॉस्फेट काढून टाकता येतं, पण मोडलेलं प्रथिन नव्यानेच घडवावं लागतं. म्हणून इथून पेशीला माघार नाही.

याच यंत्रणेचा ताबा परक्याकडे गेला की काय होतं, ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दिसतं. एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचं ई६ प्रथिन पेशीतलंच एक एन्झाइम हाताशी धरतं आणि पी५३ वर तीच चिठ्ठी लावून घेतं. डीएनए बिघडला तर विभाजन रोखणारा हा राखणदार असा घरच्याच हत्यारांनी मारला जातो. ई७ प्रथिन आरबी या दुसऱ्या राखणदाराचा काटा काढतं.

विषाणूच्या या दोन्ही प्रकारांवरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये आणली. लस विषाणूला दारातच अडवते. एकदा तो पेशीत ठाण मांडून बसला, ई६ बनू लागलं, की तिचा इलाज चालत नाही. म्हणून ती विषाणूशी गाठ पडण्याआधीच, नऊ ते चौदा या वयात द्यायची. ‘मुलगी अजून लहान आहे’ म्हणणाऱ्या आईबापांना हे कारण डॉक्टरांनी समोर बसवून सांगायला हवं.