भुकेल्यांसाठी नाचलेल्या भगिनी

नृत्य म्हणजे आनंदाचा सोहळा, अशी सर्वसामान्य समजूत आहे. मग लक्षावधी माणसे अन्नान्न करीत प्राण सोडीत असता कोणी पायांत घुंगरू बांधावेत, हे उचित म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर शांता, दीना आणि तरला या गांधी भगिनींच्या कार्यात सापडते.

थोरल्या शांताबाईंचा जन्म १९१७ साली नाशिक येथे झाला. वैद्यकीच्या अभ्यासासाठी त्या इंग्लंडला गेल्या. त्या सुमारास स्पेनमध्ये यादवी माजली होती. तेथील आपद्ग्रस्तांसाठी निधी जमविणाऱ्या एका नृत्यपथकात त्या सामील झाल्या. महायुद्धाचे सावट पडताच पित्याने त्यांना परत बोलाविले. वैद्यकी सुटली, नृत्य मात्र सुटले नाही. उदयशंकर यांच्या अलमोडा येथील केंद्रात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले.

१९४३ साली बंगालवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यात सुमारे ३० लक्ष माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्याच वर्षी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. बंगालमधून आलेल्या कलापथकाने गीतनृत्यांद्वारे दुष्काळपीडितांची दशा इतर प्रांतांपुढे मांडून साहाय्यनिधी गोळा केला. महाराष्ट्रातही शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचून ती वेदना मराठी जनतेच्या कानी घातली.

याच प्रेरणेतून १९४४ साली अंधेरी येथे संघाचे मध्यवर्ती नृत्यपथक उभे राहिले. त्यात या तिघी बहिणी होत्या. नृत्यरचनेची धुरा शांती बर्धन यांच्याकडे होती. १९४५ सालच्या ‘इंडिया इम्मॉर्टल’ या नृत्यनाट्याला रविशंकर यांचे संगीत लाभले. नानाप्रांतीचे कलावंत एकत्र राहत, एकत्र तालीम करीत. पथकाच्या नृत्यात राजदरबारचा विलास नव्हता. शेतकऱ्याचे कष्ट होते, भुकेल्याची व्यथा होती. भूक विसरावी म्हणून हे कलावंत नाचले नाहीत. ती कोणी विसरू नये म्हणून नाचले.

पुढेही या बहिणींची लोककलेवरील निष्ठा ढळली नाही. दीनाबाईंची ‘मेना गुर्जरी’ गाजली. शांताबाईंनी १९६८ साली गुजरातच्या भवाई परंपरेतील ‘जसमा ओडन’ रंगमंचावर आणले. माती खणून पोट भरणाऱ्या, पण राजाच्या वैभवाला न भुलणाऱ्या मजूर स्त्रीची ती कथा. २००२ साली काही महिन्यांच्या अंतराने या दोघी भगिनींनी इहलोक सोडला.

कुदळ-फावड्यावर जगलेल्या पूर्वजांच्या वंशजांना जसमा परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आलेल्या त्या पूर्वजांनी आपली जाखडीही सोबत आणली. येथे तीच झाकरी झाली. तिच्या रिंगणात पहिला कोणी नाही, शेवटचाही कोणी नाही. सणासुदीला भाऊबहिणी त्या रिंगणात उभ्या राहतातच. एखाद्या वर्षी त्यांनी दीनदुबळ्यांच्या साहाय्यासाठीही पाऊल उचलावे. पूर्वजांच्या ठेव्याचा याहून उचित विनियोग तो कोणता?