आरोग्यचिंतन : मूत्राशय काढावे की राखावे?



लघवीतून रक्त गेले, पण दुखले नाही. दोन दिवसांत ते थांबले आणि विसरले गेले. मूत्राशयाच्या कर्करोगाची चाहूल पुष्कळदा अशीच लागते. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी रंगनिर्मितीत वापरल्या गेलेल्या काही रसायनांशीही त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. म्हणून आपल्या डोंबिवलीतील रंगांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

दुर्बिणीतून काढलेल्या गाठीच्या तपासणीत रोग स्नायूच्या थरात शिरलेला आढळला, तर नुसती गाठ खरवडून भागत नाही. तो अन्यत्र पसरलेला नसेल, तर मुख्यतः दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे आधी सिस्प्लॅटिनयुक्त केमोथेरपी आणि नंतर मूत्राशय व आसपासच्या लसिकाग्रंथी काढणे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुर्मान ४६ महिने, तर आधी केमोथेरपी घेतलेल्यांचे ७७ महिने आढळले. मूत्राशय काढल्यावर लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरील पिशवीत आणतात, किंवा योग्य रुग्णात आतड्याचेच नवे मूत्राशय घडवतात.

दुसरा मार्ग मूत्राशय राखण्याचा. गाठ दुर्बिणीतून शक्य तितकी काढून किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देतात. गाठ एकच व लहान असेल, मूत्रपिंडाला सूज नसेल आणि मूत्राशय नीट काम करत असेल, तर हा मार्ग विचारात घेता येतो. मात्र पुढे दुर्बिणीची तपासणी नियमित करावी लागते. रोग उलटल्यास मूत्राशय काढण्याची वेळ येऊ शकते.

सिस्प्लॅटिनसाठी मूत्रपिंडे सक्षम हवीत आणि शरीरात पाणी पुरेसे हवे. चौविहार पाळणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे योग्य नियोजन करता येईल.

निर्णयापूर्वी शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांचेही मत घ्यावे. १९४१ पासून कार्यरत असलेले टाटा स्मारक रुग्णालय आपल्याच मध्य रेल्वेवर, परळला आहे. जाताना अहवालांसोबत गाठीच्या काचपट्ट्या व ब्लॉकही न्यावेत. तेथे निःसंकोच विचारावे : “माझे मूत्राशय राखता येईल का? नसेल, तर का?”

पिशवीच्या धास्तीने उपचार लांबवू नयेत. पिशवीसह मनुष्य प्रवास करतो, व्यवसाय सांभाळतो, नातवंडांना खेळवतो. वाया गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.