गिझर न्हाणीघरात की भिंतीबाहेर?

डिसेंबर उजाडला की आमच्या कमठाण्यात पहाटेच्या पाण्यात हात घालवत नाही. बीदरचे पठारच उंच! यंदा पाणी तापवण्यावरून आमच्या घरात एवढे वाजले की अप्पा आणि मी दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अप्पांचे म्हणणे सरळ आहे. ऐन सकाळी वीज जाते, तेव्हा विजेचा गिझर नको. बच्चलातल्या हंड्याखाली आई रोज लाकडे सारते आणि डोळे चोळते. तिचे ते हाल मलाही पाहवत नाहीत. तेव्हा सिलिंडरवर चालणारा, भिंतीला टांगायचा छोटा गिझर आणावा, असे त्यांनी ठरवले आणि आणलाही. हिशेबही चुकलेला नाही. वीस लिटर पाणी अंघोळीपुरते तापवायला साठ-सत्तर ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरात दोनशेच्या वर अंघोळी.

पण या जमाखर्चात हवेचे खाते उघडायचे राहून गेले. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. आमचे नवे न्हाणीघर चार बाय सहा फुटांचे, आठ फूट उंच; त्यात मावणारी हवा सहा किलोच्या आसपास. हा गिझर शेगडीच्या चार-पाच बर्नरांएवढा जाळ करतो. दोघे-तिघे पाठोपाठ न्हाले आणि तो पंधरा मिनिटे चालला, तर पाव किलोच्या आसपास गॅस जळेल आणि दारे-खिडक्या बंद असतील तर आतली निम्म्याहून अधिक हवा वापरली जाईल. थंडीच्या दिवसांत खिडकी कोण उघडी ठेवतो?

हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला मात्र ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात, आणि कडी तर आतून! बाहेरचे लोक म्हणतात, चक्कर आली असेल, फीट आली असेल. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी असे इतके रोगी पाहिले की 'गॅस गिझर सिंड्रोम' हे नावच रूढ झाले. १९०२ साली पॅरिसमध्ये एमिल झोला हा मोठा कादंबरीकार याच वायूने गेला. त्याच्या खोलीच्या शेगडीचे धुराडे तुंबले होते. आमच्या गिझरला तर तुंबायलाही धुराडे नाही.

आजीचा हंडा अडाणी म्हणावा, तर त्याचा जाळ निम्मा अंगणात असे. पुण्याकडच्या जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबालासुद्धा मधोमध नळी असायची. आपण धूर दिसेनासा केला आणि नळीही काढून टाकली.

शहरातल्या दुकानदाराने हवेबद्दल चकार शब्द काढला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "एक्झॉस्ट फॅन लावा की." वीज जाते म्हणून गॅस आणला, आणि आता जीव सोपवायचा विजेच्या फॅनवर!

गिझर परत करा असे मी म्हणत नाही. आईची लाकडे सुटलीच पाहिजेत. माझा हट्ट इतकाच की तो न्हाणीघरात नको. परसातल्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला टांगावा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यावा. अप्पा म्हणतात, नवी फरशी बसवलेली भिंत फोडायची का? मी म्हणतो, फोडायची. आईने अजून कोणाचीच बाजू घेतलेली नाही. पण काल गवंड्याला निरोप तिनेच धाडला. गिझर अजून खोक्यातच आहे.