एकाच गोळीचे दोन डबे

परवाच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे येऊन गेले. म्हणजे नातीला बघायला. ते यायच्या अर्धा तास आधी सूनबाईंनी फ्रीजवरची गोळ्यांची पट्टी उचलली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. माझ्या गोळ्यांचा डबा मात्र टेबलावर होता तिथंच राहिला.

आता गंमत बघा मंडळी. तांदळात गेली ती मेटफॉर्मिन ५००. टेबलावर राहिली तीही मेटफॉर्मिन ५००च! मी सत्तरी ओलांडलेली, मला मधुमेह. नात चोवीस वर्षांची, तिला पीसीओएस आणि त्याच्या जोडीला इन्सुलिनला दाद न देणारं शरीर. पाहुण्यांनी माझा डबा पाहिला, "किती वर्षं झाली आजी?" असं आपुलकीनं विचारलं, स्वतःच्या आईची साखर किती तेही सांगून टाकलं. ते गेल्यावर नात म्हणाली, "आजी, तुझी गोळी बैठकीत मिरवते अन् माझी तांदळात लपते. काहून?"

मला उत्तर सुचलं नाही. तेहतीस वर्षं मास्तरकी केली. वर्गात उत्तर सुचलं नाही की मी "उद्या सांगते" म्हणायची. हे ते उद्याचं उत्तर.

आधी सूनबाईंची बाजू. ती काही वाईट आई नाही. मागच्या वर्षी एक चांगलं स्थळ ह्याच कारणानं मोडलं. मधल्या माणसानं निरोप आणला, "पोरीले लेकरू होणार नाही म्हणते ना!" तेव्हापासून ती धास्तावली आहे. पण सगळा घोळ त्या एका वाक्यातच आहे.

पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. दर महिन्याला बीज सुटायचं, ते वेळेवर सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. पुष्कळ बायकांना आपसूक दिवस राहतात, काहींना औषधांची मदत लागते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल ह्या दोन डॉक्टरांनी सात बायकांची अशी लक्षणं मांडली. बीजकोशात त्यांना बारीक बारीक फुगे दिसले, त्यावरून नाव पडलं आणि आपण त्याचं भाषांतर केलं "गाठी". गाठी म्हटलं की घरात रडारड! अहो, त्या गाठी नव्हेतच. वाढ अर्धवट थांबलेली ती बीजपुटकं. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा, पण एका चुकीच्या शब्दानं इतकी घरं घाबरलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मग ह्यात साखरेच्या गोळीचं काय काम? आमच्या कळमन्याच्या भाषेत सांगते. बाजार आवारात मालाचे ट्रक येतात, हमाल माल आत नेतात. साखर हा माल आणि इन्सुलिन हा हमाल समजा. गोदामाचं दार जड झालं, तर एकाच्या जागी दहा हमाल लावावे लागतात. माल आत जातो, म्हणून रक्तातली साखर रिपोर्टात ठीक दिसते. पण हमालांची ती गर्दी बीजकोशाला धक्के देते आणि तिथं पुरुषी हार्मोन जास्त तयार होतो. हनुवटीवर केस, मुरुमं, लांबलेली पाळी, हे सगळं त्यातून येतं. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करते आणि शरीर इन्सुलिनचं ऐकू लागतं. हमाल कमी लागतात. इतकी साधी गोष्ट! १९५७ साली फ्रान्सच्या जाँ स्टर्न ह्यांनी मधुमेहासाठी वापरून दाखवलेलं हे औषध. पाकिटावर मधुमेह लिहिलेला असतो, म्हणून औषधवालाही पोरीला विचारतो, "इतक्या लहान वयात शुगर?"

आणि ही "मूल होण्याची गोळी" तर नाहीच. २००७ साली अमेरिकेत ६२६ बायकांवर झालेल्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. बीज सुटण्याचं क्लोमिफिन घेणाऱ्यांत १०० पैकी सुमारे २२ जणींना मूल झालं, नुसत्या मेटफॉर्मिनवर जेमतेम ७ जणींना. म्हणजे ज्या कारणासाठी आपण ही गोळी लपवतो, त्या कारणासाठी ती फारशी कामाचीच नाही! तिचं खरं काम शरीराचा हिशेब सांभाळण्याचं आहे. हा आजार असलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. लग्न होवो न होवो, मूल होवो न होवो, तो धोका राहतोच.

"पण ही तर काडीसारखी, हिला कसला आलाय साखरेचा त्रास?" हेही ऐकून झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ साली स्वतःचा आणि इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन ह्यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही सारखंच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! आपण वरून बारीक दिसतो, आतून नसतो. तेव्हा काटा बघून निकाल देऊ नका.

आता माझं स्वतःचं पाप. वर्गात एक मुलगी होती, आठवी-नववीतली. मानेवर काळा जाड पट्टा. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मान घासत जा गं, पाणी महाग झालंय का?" वर्ग हसला, मीही हसले. नातीच्या डॉक्टरांनी तिच्या मानेवर बोट ठेवून सांगितलं की हा मळ नाही, इन्सुलिन वाढल्याची खूण आहे, तेव्हा ती मुलगी डोळ्यांसमोर उभी राहिली. किती दिवस ती मान घासत राहिली असेल कोण जाणे... तिची क्षमा मागायला पत्ताही नाही माझ्याजवळ.

डॉक्टरही सुटत नाहीत माझ्या तावडीतून. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळी लिहिली आणि वर "लग्न करून टाका, होईल सगळं ठीक" असा सल्ला दिला. लग्नानं इन्सुलिन सुधारतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? ही गोळी प्रत्येकीला लागतेच असं नाही. खाणं, झोप, रोजचं चालणं हा पाया. गोळी सुरू केली की पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत, थोड्यापासून वाढवत न्यायची. फार वर्षं घेतली तर बी-१२ बघायचं, साखर एक ते तीन वर्षांनी तपासायची. हे कुणी समजावलंच नाही, तर पोरगी जुलाब लागले की गोळी सोडणारच.

आणि लपवलेली गोळी तर सुटतेच. पाहुणे दुपारचे संध्याकाळपर्यंत बसले, त्या दिवशी नातीची गोळी राहिली. उद्या सासरी गेली की कुठल्या डब्यात शोधायची? तिथं तर डबेही तिचे नसणार.

सूनबाई म्हणते, "आई, मग काय दारावर पाटी लावू?" नको गं बाई. कुणाला, कधी सांगायचं हे नातीनं ठरवावं, शरीर तिचं आहे. पण ज्याच्याशी संसार करायचा त्याला तिनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, आणि त्याचेही रिपोर्ट मागावे. मुलाच्या घरची साखर, दाब, दारू कुणी तांदळात लपवलंय का, ते कोण विचारतं? पोरीचीच तेवढी झडती! आणि नुसती गोळी बघून उठून जाणारं घर पुढे तिच्या आजारपणात तिच्या उशाशी बसेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यांना माझा नमस्कार.

असो. काल मी बाजारातून दोन कप्प्यांचा एक डबा आणला. एका कप्प्यात माझ्या गोळ्या, दुसऱ्यात नातीच्या. ठेवलाय टेबलावर. सूनबाई अजून काही बोललेली नाही, पण तिनं तो उचललाही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पाहुणे येणार आहेत. बघू या.